विमान सुधारले कोणी?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी त्यांना सरळच सांगितले, "मी दहावीनंतर आय.टी.आय. केलेला फिटर. पुढे सारे आयुष्य कामगार संघटनेत गेले. कामगार कायद्यावर बोला म्हणाल तर बोलेन. इतिहासासाठी प्राध्यापक मंडळी आहेत." त्यावर एक वयोवृद्ध सभासद हसून म्हणाले, "संध्याकाळी तुम्ही वाचनालयात कोणत्या कपाटापाशी असता ते आम्हांला ठाऊक आहे. त्यावरच बोला." माझे बिंग असे फुटले, आणि म्हणून मी आज आपल्यापुढे विमानांचा इतिहास घेऊन उभा आहे.

या विषयाकडे मी का वळलो, ते आधी सांगतो. मी नवखा कामगार होतो तेव्हाची गोष्ट. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. आमच्या खात्यात एका पॉवर प्रेसचा क्लच नीट पकडत नसे. पायातला पेडल सोडला तरी प्रेस कधीकधी दुसऱ्यांदा खाली येई. त्यावर काम करणाऱ्याने तीनदा तक्रार केली. तक्रार वहीत लिहिली गेली आणि वही कपाटात गेली. माल वेळेवर द्यायचा होता, प्रेस थांबवणे परवडत नव्हते. चौथ्या आठवड्यात त्या माणसाची दोन बोटे गेली. दुसऱ्या दिवशी तीच प्रेस दीड तासात दुरुस्त झाली. तो दीड तास आधी का मिळाला नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. पुढे पहिल्या महायुद्धातल्या विमानांची हकीकत वाचू लागलो तेव्हा पानोपानी मला तीच वही दिसू लागली. फरक इतकाच, की तिथे बोटांच्या जागी माणसेच जात होती.

आपण इंग्लंडचे उदाहरण घेऊ. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राईट बंधूंचे विमान पहिल्यांदा उडाले ते बारा सेकंद. हे दोघे भाऊ सायकली बनवणारे आणि दुरुस्त करणारे, हे कारागिरांनी विसरू नये. त्यानंतर अकरा वर्षांच्या आत महायुद्ध पेटले. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश लष्कराचे विमानदल फ्रान्सला गेले तेव्हा त्यांच्यापाशी साठ-पासष्ट विमाने होती. ती विमाने म्हणजे लाकडाचा सांगाडा, तो ताणून धरणाऱ्या तारा, वर आयर्लंडचे लिननचे कापड, आणि ते कापड घट्ट बसावे म्हणून त्यावर दिलेला रासायनिक लेप. लढण्यासाठी खास असे हत्यार बहुतेक विमानांवर नव्हते. वैमानिक पिस्तूल किंवा रायफल बरोबर घेत. विमानाचे काम टेहळणीचे: शत्रूची फौज कुठे आहे, तोफा कुठे आहेत, हे वरून पाहायचे आणि परत येऊन सांगायचे.

या कामासाठी फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्याने बी.ई. २ सी नावाचे विमान तयार केले. एडवर्ड बस्क नावाच्या तरुण अभियंत्याने त्याचा तोल असा साधला होता, की वैमानिकाने क्षणभर हात सोडले तरी विमान आपले आपण सरळ उडत राही. टेहळणी करताना टिपण लिहावे, नकाशा पाहावा, छायाचित्र घ्यावे, तर विमान असेच हवे. मागणी लष्कराची होती आणि कारखान्याने ती उत्तम रीतीने पुरी केली. नोव्हेंबर १९१४ मध्ये बस्क स्वतः याच जातीच्या विमानाला हवेत आग लागून मरण पावला. अशा माणसांना नावे ठेवण्याचे कारण नाही. जे मागितले ते त्यांनी दिले. पुढे मागणी बदलली, आणि अडचण तिथून सुरू झाली.

ती कशी बदलली पाहा. विमानाचा पंखा पुढे फिरत असतो. पंख्यातून समोर गोळ्या झाडाव्यात तर आपलेच पाते तुटणार. रोलां गारोस या फ्रेंच वैमानिकाने पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या, म्हणजे पात्यावर लागलेली गोळी बाजूला उडून जाई. एप्रिल १९१५ मध्ये त्याने शत्रूची काही विमाने पाडलीही. पण त्याच महिन्यात तो जर्मन प्रदेशात उतरला आणि विमान शत्रूच्या हाती पडले. मग अँथनी फोकर याच्या कारखान्याने पुढची पायरी गाठली. ही कल्पना काही जणांनी आधीच कागदावर मांडलेली होती. फोकरच्या माणसांनी ती प्रत्यक्षात आणली. घरातल्या शिवणयंत्राकडे पाहा. सुई वर असते तेव्हाच खालचे दाते कापड पुढे सरकवतात, सुई कापडात असताना नाही. दोन्ही हालचाली एकाच दांड्याला बांधलेल्या असतात. तसेच इथे. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम बंदुकीला अशा रीतीने जोडला, की पाते नळीसमोर असताना गोळी सुटायचीच नाही. म्हणजे वैमानिकाने विमानाचे तोंड शत्रूकडे करायचे आणि घोडा दाबायचा. साऱ्या विमानाचीच बंदूक झाली.

१९१५ च्या उन्हाळ्यापासून ही फोकर विमाने आघाडीवर दिसू लागली, आणि बी.ई. २ सी चा गुण हाच त्याचा अवगुण ठरला. आपणहून सरळ उडणारे विमान झटकन वळत नाही. इंजिन ९० अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या एखाद्या लहान मोटारीएवढे. वेग ताशी सत्तर-बहात्तर मैल. त्यातून निरीक्षक बसे पुढे आणि वैमानिक मागे. पुढच्या माणसाच्या वर पंख, बाजूंना खांब आणि तारा, समोर पंखा. त्याच्या हाती बंदूक दिली तरी ती कुठल्या दिशेने चालवायची? मागून आलेल्या शत्रूवर ती रोखायची तर मध्ये आपलाच वैमानिक बसलेला.

ही तक्रार आघाडीवरच्या माणसांना पहिल्या काही आठवड्यांतच कळली. मग विमान का बदलले नाही? इथे आपण कारखान्यात काम केलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले पाहिजे. लंडनच्या कचेरीत बसलेले सगळे मूर्ख किंवा दुष्ट होते, असे मी म्हणणार नाही. या विमानाचे नकाशे पक्के होते. ते वीसहून अधिक कंपन्यांना दिलेले होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी पूर्वी कधी विमान पाहिलेही नव्हते. साचे बसले होते, माणसे शिकली होती, लाकूड कापले गेले होते. चालू माल थांबवून नवा माल सुरू करायचा म्हणजे मधले काही महिने आघाडीवर काहीच जाणार नाही. एक बरे विमान उद्या, की एक वाईट विमान आज, हा पेच खरा होता. परंतु पेच खरा असला म्हणून उत्तर बरोबर असतेच असे नाही. या जातीची एकंदर सुमारे साडेतीन हजार विमाने तयार झाली. सुधारणा झाल्या, पण त्या त्याच सांगाड्याच्या. निरीक्षक पुढचा पुढेच राहिला.

शेवटी ती वही कपाटातून बाहेर काढली पार्लमेंटने. मार्च १९१६ मध्ये नोएल पेंबर्टन बिलिंग या सभासदाने उघड आरोप केला, की आपले वैमानिक युद्धात पडत नाहीत, त्यांचे खून होत आहेत. शब्द कठोर होते, आणि त्यात अतिशयोक्तीही होती. स्वतः विमानांचा कारखाना काढलेला तो गृहस्थ अगदी निःस्वार्थी होता असेही नाही. पण चौकशी समित्या नेमल्या गेल्या, आणि त्याच वर्षी फार्नबरोचे प्रमुख मर्व्हिन ओ'गॉर्मन यांना पद सोडावे लागले. तोवर पंखा मागे असलेली इंग्रजी विमाने आणि हलकी फ्रेंच न्यूपोर विमाने येऊन फोकरचा जोर ओसरलाही होता.

येथे गोष्ट संपली असती तर बरे होते. एप्रिल १९१७ मध्ये आरासची लढाई झाली तेव्हा जर्मनांकडे नवी आल्बाट्रोस विमाने होती आणि ब्रिटिशांच्या अनेक तुकड्या अजून बी.ई. २ च्या पिढीवरच उडत होत्या. त्या एका महिन्यात ब्रिटिशांची सुमारे २४५ विमाने गेली, आणि वैमानिक व निरीक्षक मिळून दोनशेंवर माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्याला इतरही कारणे होती. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहत असे, त्यामुळे बिघडलेले विमान शत्रूच्या बाजूलाच ढकलले जाई. शिवाय सेनापतींचा हुकूम सदा चढाईचा होता. पण १९१५ मध्ये केलेल्या तक्रारीचे बिल १९१७ मध्ये चुकते झाले, हे नाकारता येणार नाही. न्यायासाठी दुसरी बाजूही सांगतो. रात्रीच्या अंधारात लंडनवर येणाऱ्या जर्मन वायुनौकांविरुद्ध हेच संथ, स्थिर विमान फार उपयोगी पडले. सप्टेंबर १९१६ मध्ये लीफ रॉबिन्सनने इंग्लंडच्या भूमीवर पहिली वायुनौका पाडली ती बी.ई. २ सी मधूनच. यंत्र वाईट नव्हते, ते चुकीच्या कामाला जुंपले होते.

आता त्याच फार्नबरोची दुसरी हकीकत ऐका. १९१६ च्या अखेरीस तिथे एस.ई. ५ हे एकट्या माणसाचे लढाऊ विमान तयार झाले. २८ जानेवारी १९१७ रोजी त्याची चाचणी घेताना मुख्य वैमानिक फ्रँक गुडन हवेत पंख मोडून मरण पावला. या वेळी मात्र तुकडे गोळा केले गेले, ते तपासले, पंखाच्या आतल्या फासळ्या कमी पडतात हे सापडले, आणि तिथे प्लायवूडचा आधार दिला गेला. विमान एप्रिलमध्ये फ्रान्सला गेले. तिथे वैमानिकांची तक्रार आली, की समोरची मोठी काच ही काच नसून अडचण आहे. आल्बर्ट बॉल हा नामांकित वैमानिक तर फारच चिडला होता. आघाडीवरच्या कामाला सुरुवात होण्यापूर्वीच काच काढून तिथे छोटी काच बसवली गेली. पाहा, माणसे तीच, सरकार तेच, युद्धही तेच. फक्त तक्रार आणि हत्यारे यांच्यातले अंतर कमी झाले होते.

पुढे त्याला २०० अश्वशक्तीचे इंजिन दिले आणि एस.ई. ५ ए हे नाव मिळाले. पण त्या इंजिनाचे दाते तुटत. एका फ्रेंच कारखान्याकडून आलेल्या इंजिनांचे दाते तर नीट कडकच केलेले नव्हते. इंजिनांचा तुटवडा इतका, की दोष ठाऊक असूनही ती वापरली गेली. विमानांचे सांगाडे तयार, आणि इंजिनांवाचून कोठारात पडून, अशी स्थिती १९१८ च्या आरंभी होती. दात्यांची भानगडच नसलेले वुल्झली कारखान्याचे इंजिन आले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. या जातीची पाच हजारांवर विमाने झाली.

याच विमानावर जेम्स मॅककडन हा वैमानिक गाजला. तो दलात शिरला होता मेकॅनिक म्हणून. वैमानिक झाल्यावरही त्याच्या हाताचे तेल गेले नाही. आपल्या मेकॅनिकांबरोबर तो इंजिन खोलून बसे. त्याने अधिक दाब देणारे पिस्टन बसवून घेतले, आणि इतरांना न साधणाऱ्या उंचीवर तो शत्रूची वाट पाहत राही. त्याच्या नावावर ५७ विजय आहेत. जुलै १९१८ मध्ये उड्डाण करतानाच अपघात होऊन तो गेला. त्याच महिन्यात त्याच जातीच्या विमानावर एक हिंदी तरुण लढत होता: कलकत्त्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय. ६ जुलैपासून १९ जुलैपर्यंत त्याने दहा विमानांवर विजय मिळवला, आणि २२ जुलैला तो पडला. वय १९ वर्षे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या वयाचा मुलगा कॉलेजात आहे. त्याला निदान त्या काळच्या उत्तम विमानांपैकी एक मिळाले होते. दोन-तीन वर्षे आधी उडालेल्या त्याच्याच वयाच्या मुलांना तेही मिळाले नाही.

इथवर मी चालवणाऱ्यांचे सांगितले. आता घडवणाऱ्यांचे. मघाशी कापडावरच्या लेपाचा उल्लेख केला. तो लेप देण्याचे काम बहुतांशी बायका आणि मुली करीत. लेप पातळ करण्यासाठी त्यात टेट्राक्लोरेथेन नावाचे द्रव्य असे. त्याची वाफ श्वासावाटे अंगात जाऊन यकृत बिघडे, अंग पिवळे पडे, काही जणी मेल्या. पहिले मृत्यू १९१४ च्या अखेरीलाच झाले होते. आधी उपाय म्हणून हवा खेळती ठेवा, दूध द्या, डॉक्टरी तपासणी करा, असे सांगितले गेले. १९१६ च्या आरंभापासून या काविळीची सरकारला वर्दी देणे बंधनकारक झाले, आणि त्या वर्षात त्या द्रव्याची जागा दुसऱ्या द्रव्यांनी घेतली. हीसुद्धा विमानाची सुधारणाच होय. विमानांच्या पुस्तकांत पंखांची लांबी इंचापर्यंत दिलेली असते. हा बदल मात्र बहुधा तळटिपेत सापडतो.

१९१५ च्या कायद्याने युद्धसाहित्याच्या कारखान्यांत संप बंद झाला. मालकाने मोकळे केल्याचा दाखला असल्याखेरीज कामगाराला दुसरीकडे सहा आठवडे काम मिळत नसे. या दाखल्याला आपण सोडचिठ्ठीच म्हणू. ती देणे न देणे एकाच पक्षाच्या हाती. ही पद्धत ऑक्टोबर १९१७ मध्ये रद्द करावी लागली. पुढच्याच महिन्यात कॉव्हेंट्री शहरात, जिथे विमाने आणि इंजिने बनत, सुमारे पन्नास हजार कामगार बाहेर पडले. मागणी अशी, की खात्यातल्या कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधीशी मालकांनी बोलले पाहिजे. आघाडीवरच्या सैनिकाला त्या संपाचा राग आला असेल, आणि तो राग मी समजू शकतो; त्याला रोज विमान हवे होते. पण खात्यातला प्रतिनिधी म्हणजे दुसरे काय? साच्यात चूक आहे, लाकूड ओले आहे, हवा विषारी आहे, हे बिनधास्त सांगू शकणारा माणूस. डिसेंबरमध्ये मालकसंघ आणि कामगार संघटना यांच्यात अशा प्रतिनिधींविषयी करार झाला.

लाकूड म्हटले म्हणून आणखी एक सांगतो. विमानाला लागणारे हलके, सरळ धाग्याचे स्प्रूस लाकूड मुख्यतः अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या रानांतून येई. तिथल्या लाकूडतोड्यांनी १९१७ च्या उन्हाळ्यात आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. सरकारने सैनिक पाठवून रानात काम चालू केले, जहाल संघटनेवर कठोर हात चालवला; आणि तरीही १ मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवस देणे भाग पडले. आणि आपल्या मातीचा संबंध हवा असेल तर तो आहे एरंडीचा. त्या काळची फिरती इंजिने एरंडेलावर चालत, कारण एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळत नाही. एरंडीच्या बियांचा मोठा पुरवठा हिंदुस्थानचा. अमेरिकेने तर लागवडीसाठी बीही इथूनच नेले. इंजिनातून उडणारे ते तेल वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. त्याचा परिणाम काय होई, ते ज्यांना लहानपणी आजीने एरंडेल पाजले आहे त्यांना मी सांगायला नको!

जर्मनांनाही हा धडा सुटला नव्हता. त्यांच्या आल्बाट्रोसचा खालचा पंख अरुंद होता, आणि जोरात सूर मारला की तो पिळवटून मोडे. जानेवारी १९१७ मध्ये खुद्द रिख्थोफेनचा पंख हवेत तडकला आणि तो कसाबसा उतरला. डागडुजी झाली, पण पुढच्या नमुन्यातही तोच दोष राहिला. शेवटी जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनजवळ आडलर्सहोफला निरनिराळ्या कारखान्यांच्या विमानांची स्पर्धा भरवली, आणि आघाडीवरच्या वैमानिकांना बोलावून ती उडवायला लावली. त्यांनी निवडले ते फोकर डी. ७. युद्ध संपताना तहाच्या अटींत दोस्तांनी ज्या विमानाचे नाव घेऊन मागणी केली, ते हेच. त्या कारखान्याच्या रचनाविभागाचा प्रमुख होता राइनहोल्ड प्लाट्झ, आणि तो फोकरकडे कामाला लागला होता वेल्डर म्हणून.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटनच्या विमानउद्योगात सुमारे साडेतीन लाख माणसे होती. मागण्या रद्द झाल्या, कारखाने ओस पडले, आणि ज्या बायकांनी कापड शिवले, लेप दिला, त्या घरी गेल्या. विमाने संग्रहालयांत गेली. तिथे पाटीवर रचनाकाराचे नाव असते, वैमानिकाचे असते, आणि ते असलेच पाहिजे.

पण विमान सुधारले कोणी, असे कोणी विचारले तर मी म्हणेन: ज्याने "हे बरोबर नाही" असे सांगितले त्याने, आणि ज्याने ते ऐकून हातात पाना घेतला त्याने. बुद्धी दोन्ही बाजूंना होती, पैसाही होता. उणीव पडली ती या दोघांची भेट होण्यात, आणि जितके दिवस ती लांबली तितकी माणसे गेली. युद्धात तर तक्रार करणे म्हणजे देशद्रोह, असे मानण्याचा मोह फार असतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो.

मघाशी सांगितलेला माझा तो सोबती आज गावी शेती करतो. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा त्याला मी ही सारी हकीकत सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मग त्यांची वही कोण वाचायचं?" प्रश्न मी आपल्यापाशी ठेवतो. आपापल्या कचेरीत, कारखान्यात, शाळेत, नगरपालिकेत अशी एक वही असतेच. उद्या सकाळी ती उघडून पाहावी, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.